नाल्यातला रणगाडा

आरमोरी,
ता. ९ डिसेंबर १९५६

श्री. लटारू बुरांडे, कुरखेडा, यांस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. मी तो लिहीत नाही, कारण मनात नाही.

मी मुखरू भोयर यांची पत्नी. ब्रह्मदेशच्या लढाईत तुम्ही दोघे तीन वर्षे एकाच टोळीत होतात, एका तंबूत झोपत होतात. तुम्ही परत आलात, ते आले नाहीत. कुरखेड्याहून आरमोरीला बैलगाडीने यायला दीड दिवस लागतो. साडेअकरा वर्षांत तुम्हाला तो दीड दिवस सापडला नाही. त्याबद्दल मी कधी कुणाकडे बोलले नाही. मी शिकले, इथल्या शाळेत मास्तरीण झाले, सासूबाईंना सांभाळते आहे. तुमच्यावाचून आमचे काही अडले नाही.

पण परवा इतवारी गाडीवाला शाळेच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमच्या मालकाले लटारू मिस्त्रीनं चिखलात उभं केलं हाये. हुबेहूब!" तुम्ही म्हणे लाकडाचा रणगाडा केला आहे, तो नाल्यात रुतलेला आहे, आणि छातीएवढ्या चिखलात खांद्यावर दोर घेतलेला एक बाहुला आहे. जानेवारीच्या शेवटी चांद्याच्या प्रदर्शनात ते मांडणार आहात.

माझा नवरा तुमच्या खेळण्यातला बाहुला नाही. तो बाहुला काढून टाका. मग रणगाडा कुठे मांडायचा तिथे मांडा.

मनकर्णा मुखरू भोयर


कुरखेडा,
ता. १६ डिसेंबर १९५६

मनकर्णावयनीले लटारूचा रामराम.

तुमी नमस्कार नाई लिहिल्या, पण मी लिहितो. मुखरूची बायको म्हणून लिहितो, पत्रासाठी नाई.

खेळणं कोणाले म्हणता तुमी? दोन पावसाळे घातलो मी त्याच्यात. शिवणीच्या लाकडाचा टँक आहे, दीड हात लांब. पट्ट्याच्या कड्या घासलेटच्या डब्याच्या पत्र्यातून एक एक कापलो. रंग दिलो तवा खरंच खेळणं दिसत होतं, जत्रेतलं. मंग बसलो त्याले खराब करत. जिथी बूट ठेवून चढतेत तिथला रंग घासून काढलो. जिथी पाणी साचते तिथी गंज आणलो, जुने खिळे चिंचेच्या पाण्यात ठेवून. चिखल तीन परकारचा आहे. खालचा काळा, बोडीच्या पाण्याखालच्या गाळाचा. मधला धानाच्या तणसाचा भुसा अन् धावड्याचा डिंक घालून, नाईतर वाळला की फुटते. वरचा ओला. ओला म्हणजे वरून लाखेचं पाणी फिरवलो. बोट लावून पाहाले जाते मानूस, इतका ओला दिसते.

कोणता चिखल कुठवर होता ते मले बोटाच्या पेरानं ठाऊक आहे. हे कुरखेड्यात कोणाले नाई ठाऊक, चांद्यातही नाई. म्हणून मांडून राह्यलो.

बाहुल्याचं म्हणाल त तो पाठमोरा आहे. त्याच्यावर नाव लिहिलो नाई. इतवारीनं नाव लावलं त इतवारीले विचारा. मी बाहुला काढत नाई.

तुमाले आमची गरज पडली नाई, बरं झालं. मलेही कोणी बोलावलं नव्हतं.

लटारू


आरमोरी,
ता. २० डिसेंबर १९५६

श्री. बुरांडे,

मला वहिनी म्हणू नका. ते नाते तुम्ही वापरलेच नाही.

नाव लिहिले नाही म्हणता. कुरखेडा ते आरमोरी या पट्ट्यात रणगाड्याच्या फौजेतून न परतलेला माणूस एकच. पाठमोरा केला काय आणि समोर केला काय?

आमच्या शाळेत यांचा फोटो आहे. खाली पाटी आहे : "ब्रह्मदेशच्या रणांगणी शत्रूच्या गोळीने धारातीर्थी पडले." पंधरा ऑगस्टला मुले त्याला हार घालतात. सासूबाईंना त्या दिवशी पुढे खुर्ची देतात. तुमच्या देखाव्यात शत्रू कुठे आहे? गोळी कुठे आहे? रुतलेली गाडी आणि दोर खांद्यावर घेतलेला माणूस! उद्या पोरे विचारतील, बाई, हे लढत होते की गाड्या ओढत होते? ते रणगाडा चालवत होते. हमाल नव्हते.

चिखल बोटाच्या पेराने आठवतो म्हणता. चिखल बरा आठवतो, आणि दोस्ताचे घर आठवत नाही!

मी प्रदर्शनाच्या समितीला आजच पत्र टाकले आहे. कळवते, म्हणजे नंतर पाठीमागून केले असे व्हायला नको.

म. मु. भोयर


कुरखेडा,
ता. २९ डिसेंबर १९५६

मास्तरीणबाईले,

आता वयनी म्हणत नाई. खूश राहा.

समितीचं पत्र आलं. घरच्या मानसांची लेखी परवानगी आणा, मंगच वस्तू ठेवू, असं लिहिलं आहे. कोणाच्या घरच्या? माझ्या चिखलाची परवानगी मी तुमाले मागू? गावातले लोक विचारून राह्यले, मिस्त्री, तुमचा टँक जाते ना चांद्याले? माझी बायको कमळा लोकायले तोंड देऊन राह्यली अन् मी घरात बसून आहो.

तुमी मले खोटं पाडाले निघाल्या त ऐका. मुखरू टँक चालवत नव्हता. त्याले चालवता येत नव्हता. आमची टोळी रुतलेले टँक काढायची. मी चालवत होतो अन् तो चिखलात उतरून दोर बांधत होता. त्याच्यासारखा दोर बांधणारा आख्ख्या फौजेत नव्हता. त्याले तुमी हमाल म्हणता? तुमीच म्हणता, मी नाई म्हटलो.

अन् पाटी उतरवून ठेवा. त्याले गोळी लागलीच नाई.

लटारू बुरांडे


आरमोरी,
ता. २ जानेवारी १९५७

श्री. बुरांडे,

तुमचे पत्र शाळेत आले. मी ते मधल्या सुट्टीत वाचले आणि पुढचे दोन तास मुलांना पाढे म्हणायला लावले. मला दुसरे काही शिकवता येईना.

ते गेल्याचे फौजेच्या साहेबाचे पत्र माझ्याजवळ आहे. इंग्रजी आहे. तेव्हा मला वाचता येत नव्हते; पोस्टमास्तरांनी वाचून दाखवले होते. आता मी स्वतः वाचते. त्यात गोळी आहे. खाली साक्षीदार म्हणून दोन सह्या आहेत. दुसरी सही तुमची आहे, मराठीत. मी आजपर्यंत तिच्याकडे नीट पाहिले नव्हते. काल पत्राशेजारी पत्र ठेवून पाहिले.

म्हणजे तेव्हा खोटे लिहिलेत, नाहीतर आता लिहिता आहात.

तुम्हाला माझी परवानगी हवी आहे. मला तो दिवस हवा आहे. सगळा लिहा. एक शब्द वळवला तर मला कळेल, मी रोज साठ मुलांचे बहाणे ऐकते. तुमचे पत्र आल्यावर परवानगीचे बघेन.

सासूबाईंना यातले काही माहीत नाही. पाकिटावर शाळेचाच पत्ता घाला.

म. मु. भोयर


कुरखेडा,
ता. १३ जानेवारी १९५७

मनकर्णाबाई,

तीन पत्रं लिहून फाडलो. हे चौथं.

मे महिना होता, सन पंचेचाळीस. लढाई संपतच आली होती. पाऊस यंदा लवकर लागला असं तिकडचे लोक म्हणत होते. दुसऱ्या कंपनीचा एक टँक नाल्यात बसला होता. पट्टे पूर्ण आत. टँकवाले निघून काठावर आले होते, चहा पीत होते. कोणाच्या जिवाले धोका नव्हता बाई, हे लिहाले मले सर्वांत जड जाऊन राह्यलं. नुसतं लोखंड होतं ते. पण नाल्याले पाणी चढत होतं अन् साहेब काठावरून ओरडत होता, लवकर, लवकर.

मुखरू उतरला. छातीपर्यंत गेला. तारेचा दोर घेऊन हातानं चाचपून कडी लावत होता, दिसत त काई नव्हतंच. मी मागच्या, ओढणाऱ्या टँकवर, चालवाच्या जागी. तिथून त्याचा मले फक्त हात दिसायचा, बाकी सगळा आड. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाई, म्हणून आमची खूण होती. उघडा पंजा म्हणजे थांब. मूठ म्हणजे ओढ. तीन वर्षं आमी त्याच खुणेवर काम केलो. कधी चूक झाली नाई.

हात वर आला. कोपरापासून चिखलच चिखल, लोंबत होता. मूठ होती का पंजा होता, मले समजलं नाई. समजलं नाई त थांबाले पाह्यजे होतं. साहेब ओरडला. मी ओढलो.

कडी अर्धीच बसली होती. ती निसटली अन् दोर चाबकासारखा आला. त्याले काई समजलं नसन, इतकं झटक्यात झालं. हे तुमच्या समाधानासाठी नाई लिहीत, खरंच आहे म्हणून लिहितो.

संध्याकाळी साहेबानं कागद केला. म्हणाला, गोळी लिहितो, घरी बरं वाटेल, तुलाही बरं. मी सही केलो. सही केल्यावर तुमच्याकडे कोणत्या तोंडानं येऊ? आलो असतो त खोटं बोलावं लागलं असतं. खरं बोललो असतो त तुमी दारात उभं केलं नसतं.

बाहुल्याले अजून हात नाई बसवला. अकरा वेळा कोरलो. मूठ कोरतो अन् वाटते पंजा होता. पंजा कोरतो अन् वाटते मूठ होती. प्रदर्शनाच्या आधी ठरवाले पाह्यजे.

आता तुमची परवानगी पाठवा, नाईतर नका पाठवू.

लटारू


आरमोरी,
ता. ११ फेब्रुवारी १९५७

श्री. बुरांडे,

प्रदर्शन होऊन गेले. मी परवानगी पाठवली नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तुमचे पत्र मिळाल्यावर मी तुमच्या घरी येऊन गेले, तेव्हा आपण एक शब्द बोललो नाही. म्हणून हे लिहिते.

मी तो बाहुला उचलून आणायला आले होते. इतवारीच्या रेंगीत बसून दीड दिवस तेच ठरवत होते. तुमच्या कमळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी घेतला नाही. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना सांगा.

मग तुम्ही रणगाड्यावरचे फडके काढले.

तुम्ही पाठमोरा केला म्हणून ओळखू येणार नाही असे तुम्हाला वाटले असेल. ते चालताना, उभे राहताना उजवा खांदा खाली सोडत. लग्नात सासूबाईंनी टोकलेही होते, सरळ उभा राह्य म्हणून. तो खांदा तुम्ही तसाच कोरला आहे. मी बोट लावून पाहिले तर चिखल कोरडा होता. मला वाटले होते बोट भरेल. त्यानंतर मला तो उचलता आला नाही. याला माझा लोभ समजू नका.

मनगटापुढे काही नाही, ते पाहिले. तुम्ही लिहिले होते त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे. तुम्हाला द्यावे की नाही याचा मी महिनाभर विचार केला. आता देते.

आमच्या धानाच्या बांधीत चिखलणी करताना मी बैलांच्या पुढे असायची आणि ते मागे, दोर धरून. पावसात ओरडलेले ऐकू येत नसे. थांबायचे असले की ते हात वर करत. दोर हातात गुंडाळलेला असे, त्यामुळे पंजा उघडणारच नाही. मूठच वर यायची. सहा वर्षे मी ती मूठ पाहून थांबले.

फौजेची खूण तीन वर्षांची. बांधीतली खूण लहानपणापासूनची. चिखलात, हातात दोर, वरून पाऊस, अशा वेळी माणूस कोणती खूण करेल? म्हणजे पंजा असला तरी ते थांब म्हणत होते आणि मूठ असली तरी थांबच म्हणत होते.

बारा वर्षे तुम्ही दोन फांद्यांना धरून लोंबकळत होतात. मी तुम्हाला खाली उतरवले. तुम्ही मला त्या नाल्यात नेलेत, त्याची ही परतफेड.

म. मु. भोयर


कुरखेडा,
ता. १७ फेब्रुवारी १९५७

मनकर्णाबाई,

चांगलं केलं. साठ पोरांचे बहाणे ऐकून तुमचा हात माराले चांगला बसला आहे.

तुमी म्हणता ते खरं असन. मुखरू मलेही बांधीतल्या गोष्टी सांगे, पण हे नाई सांगितलं कधी. सांगितलं असतं त मी विचारलो असतो, बाबा, तुझी मूठ कोणती, फौजेची का घरची? आता कोणाले विचारू?

मी खोटी सही केलो, कबूल. अन् तुमी? तुमाले आता सगळं माहीत आहे. तरी येत्या पंधरा ऑगस्टले पोरं हार घालतीन, तुमी टाळ्या वाजवाल, म्हातारी खुर्चीवर बसन, अन् खाली गोळी लिहिलेली राहीन. मंग माझी सही अन् तुमची पाटी याच्यात फरक काय, ते शिकलेल्या मानसानं सांगावं.

टँक आता घरात ठेववत नाई. होळीले जाळून टाकतो. लाकूडच आहे.

यापुढे पत्र धाडू नका.

लटारू


आरमोरी,
ता. ३ मार्च १९५७

हे पत्र माझे नाही. सासूबाई सांगत आहेत आणि मी लिहिते आहे. मला तुम्हाला लिहायचे नव्हते.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी शाळेतली पाटी उतरवली. हेडमास्तर रागावले आहेत, ते माझे मी पाहीन. मग घरी आले. सासूबाई अंगणात धान पाखडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. सूप खाली ठेवले नाही त्यांनी. पाखडत राहिल्या. धान संपले तेव्हा बोलल्या. आता पुढचे त्यांचे शब्द आहेत, मी सुधारत नाही.

"लटारू, मी मुखरूची माय गुणाबाई. गोळी लागली म्हणत होते तवा मी मनात म्हणो, माज्या पोरानं बंदूक कवा धरली? तो त बैलाच्या मांगं चालनारा. पन पोस्टमास्तर वाचून राह्यला, मी काय बोलू? बारा वर्सं मले वाटे का कोनाचं तरी पोरगं मेलं अन् कागद माज्या घरी आला. आता समजलं का माजंच होतं. चिखलात होता म्हनते त माजाच होय.

"सून तुज्यावर लई रागावून हाये. तिचं ती पाहून घेईन. तिले मी नाई म्हनत नाई.

"तो टँक जाळू नोको. मले पाहाचा हाये. मी आता गाडीत बसून येऊ शकत नाई, तू इतवारीसंगं धाडून दे.

"अन् एक सांग. तू सगळं लिहिला, पन हे नाई लिहिला. त्याले चिखलातून भाईर कोनं काढलं? का तिथीच राह्यला?"

एवढेच विचारले आहे. उत्तर त्यांच्या नावाने द्या. त्यांना वाचता येत नाही, मलाच वाचून दाखवावे लागेल.

म.


कुरखेडा,
ता. १० मार्च १९५७

गुणामायले लटारूचा दंडवत.

टँक इतवारीच्या गाडीत तणसावर ठेवून धाडलो आहे. उन्हात ठेवू नोका, लाख पघळते. बाहुल्याले हात नाई, तसाच आहे. मले आता तो करता येत नाई.

माय, मीच काढलो. दुसऱ्या कोणाले हात लावू दिलो नाई. तास लागला. चिखल मानसाले सोडत नाई, पायापासून एक एक मोकळा करावा लागते. टँकवाले दोघं उतरले होते मदतीले, त्यायले मी शिव्या देऊन वर पाठवलो. मंग पाठुंगळी घेऊन काठावर आणलो. जड होता. जिवंत असताना पैजेवर उचललो होतो मी त्याले दोन वेळा, तवा इतका नव्हता.

तिथी लाकूड पेटत नव्हतं पावसात, म्हणून मातीच दिलो. जागा उंचावर पाह्यली. मोहासारखं एक झाड होतं, मोह नव्हता.

मातीत ठेवाच्या आधी धुतलो. टोपीनं नाल्याचं पाणी आणलो. तोंड धुतलो, कानात गेला होता तो चिखल काढलो, केस धुतलो. पाय धुतलो. तुमी घरी जसं केलं असतं तसं केलो, जेवढं मले येत होतं तेवढं.

उजवा हात मात्र नाई धुतलो. तो तसाच आखडून गेला होता, वर केला होता तसा, अन् कोपरापासून चिखलाचा गोळा. धुतलो असतो त आत मूठ आहे का पंजा, ते दिसलं असतं. एक टोपी पाणी लागलं असतं. टोळीतला सोबतचा म्हणाला, अरे, हात राह्यला. मी म्हणालो, राहू दे.

हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलो नाई. तुमाले सांगितलो त तुमच्या सुनेले आपल्या तोंडानं वाचावं लागन, हेही मले माहीत आहे. वाचू द्या.

लटारू